निळ्या खडूवर पाळत

आत्याच्या पार्लरमध्ये थोरलीने डबीचं झाकण उघडलं, नाक आत खुपसलं आणि दोनदा हुंगलं. वास नव्हता. नेमकं हेच तिला खटकलं. रंग म्हटला की त्याला वास हवा. ज्या रंगाला वास नाही त्याने तो कुठेतरी दडवलेला असणार, असं तिचं मत झालं. तिची मतं हल्ली फार भराभर होत, आणि एकदा झाली की ती त्यांच्यावर ठाण मांडून बसे.

"हुंगून झालं असेल तर चाटूनही बघ," आत्या म्हणाली. "चव कशी आहे ते सांग. गिऱ्हाइकांना सांगायला बरं."

"मागे काय लिहिलंय ते वाचायचंय मला."

"वाच की. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी आहेत. भिंग देऊ?"

थोरलीने भिंग घेतलं नाही. जिच्यावर पाळत ठेवायची तिच्याकडूनच भिंग मागून घेणं काही बरं दिसलं नसतं. तिने डबीच्या पाठीचा मोबाइलवर फोटो काढला, दोन बोटांनी ताणून मोठा केला आणि ओठ हलवत एकेक शब्द वाचला. केसांना लावायचा निळा खडू. पाण्याने धुतला जाणारा. फक्त केसांवर, कातडीवर नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर जे जे लिहून दिलं होतं ते सगळं डबीवर होतं. इतकं तंतोतंत जुळत होतं की थोरलीचा संशय दुप्पट झाला.

"ताई, किती वेळ गं?" खुर्चीतून धाकटीचा आवाज आला.

"तपास चालू आहे," आत्या म्हणाली. "तू गप्प बस, नाहीतर तुलाही आत टाकतील."

धाकटी खिदळली. तिला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत, कारण सहा वर्षांच्या आयुष्यात ती सलग पाच मिनिटं एका जागी बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. आज मात्र खुर्चीच्या हातांवर आडवी टाकलेल्या फळीवर ती खांद्यावर टॉवेल घेऊन अशी बसली होती, जणू हलली तर सगळा बेत फिसकटेल. आरशात तिचं डोकं पुढून बरं दिसे. कानाच्या मागे, टाळूवर आणि मानेच्या जरा वर मात्र केस नव्हतेच. बटणाएवढे, मग बशीएवढे गुळगुळीत गोल. डाव्या भुवईचं टोकही गेलं होतं.

डॉक्टरांनी त्याला चाई म्हटलं होतं. अंगातलीच फौज कधीकधी चुकून केसांच्या मुळांवर चालून जाते, म्हणाले. कुणाचा दोष नाही, पुष्कळदा केस परत येतात, कधी येतील ते मात्र सांगता येत नाही.

मग दोन आठवड्यांपूर्वी जेवता जेवता भिंगरीने जाहीर केलं होतं, "माझ्या वर्गातली मुलं माझ्या डोक्याकडे बघतातच. मग बघायला काहीतरी असू दे ना. निळं असू दे." बाबा मोठ्याने हसले होते, हात धुवायला उठले होते आणि नळ बराच वेळ चालू राहिला होता. आज अकरा वाजता तिच्या वर्गाचा फोटो होता. वर्गशिक्षिकेने हो म्हटलं होतं, डॉक्टरांनी अटी घालून हो म्हटलं होतं. सर्वांत शेवटी, दातांवर दात दाबून, आईने हो म्हटलं होतं, तेही आत्याकडूनच लावून घेणार म्हणून भिंगरी अडून बसली तेव्हा.

"पण तू तिथं डोळ्यांत तेल घालून बसायचं," सकाळी आईने थोरलीला बजावलं होतं. "काय लावते, कुठं लावते, किती लावते. मला सगळं कळलं पाहिजे. साडेदहाला मी न्यायला येते. आत नाही यायची मी, बाहेर उभी राहीन."

म्हणून थोरली आज पाळतीवर होती, आणि खरं सांगायचं तर हे काम तिला भलतंच आवडलं होतं. वर्षभरात ती चार बोटं उंच झाली होती, वर्गात वक्तृत्वाला पहिली आली होती आणि मोठ्या माणसांचं चुकलं तर तोंडावर सांगता येतं हा शोध तिला नुकताच लागला होता. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिने 'पुरावे' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. पहिला पुरावा परवाचा. परवा शाळा सुटल्यावर ती भिंगरीला इथे घेऊन आली होती, तेव्हा आत्याने खडू ओला करून भिंगरीच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक रेघ ओढली होती आणि दुसरी स्वतःच्या हातावर. दोन दिवस थांबायचं, खाज सुटली किंवा लाल झालं तर सगळं रद्द. थोरलीने दोन दिवस दर काही तासांनी ती रेघ तपासली होती आणि वहीत नोंदलं होतं: लाल नाही. लाल नाही. खाज सुटली, पण ती डासाची. लाल नाही. त्याखाली तिने लिहिलं होतं: 'आत्याने स्वतःच्या हातावर का लावला? भोळेपणाचा आव?'

"हे काय आहे?" आता तिने विचारलं.

आत्याने फडताळातून एक पांढरी बुटकी डबी काढली होती. वर चिठ्ठी नाही, नाव नाही, काही नाही.

"व्हॅसलिन."

"त्यावर लिहिलेलं नाहीये."

"मोठ्या डब्यातून काढून ठेवते मी. जिथं केस नाहीत तिथं कडेकडेनं लावायचं, म्हणजे रंगाची पूड कातडीवर बसत नाही."

"आधी तुला लाव."

आत्याने कमरेवर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं. मग बोटभर घेऊन स्वतःच्या नाकाच्या शेंड्याला लावलं. "झालं? आता नाक गळून पडेपर्यंत थांबायचं, की सुरू करू?"

भिंगरी एवढी हसली की फळी हलली. थोरली हसली नाही. हसली असती तर अर्धी लढाई तिथेच गेली असती.

आत्याशी तिचं असं पूर्वी कधीच नव्हतं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, थोरलीपेक्षा आवाजाने मोठी आणि हसण्याने लहान. शाळेतून परस्पर इथे यायचं, गिऱ्हाइकांच्या गप्पा ऐकायच्या, केसांच्या रंगांच्या नमुन्यांचे गोंडे उलगडून बसायचं, ही थोरलीची जुनी सवय. ती मोडली त्याला अडीच महिने झाले.

अडीच महिन्यांपूर्वी डॉक्टरांच्या खोलीत सगळे होते. कानामागचा पहिला गोल आत्यालाच दिसला होता, म्हणून तीही आली होती. डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं होतं, "केसांना काही लावलं होतं का? रंग वगैरे?" आई लगेच म्हणाली, "छे!" त्यावर आत्या म्हणाली, "मी लावला होता. एकदा. गंमत म्हणून." डॉक्टर म्हणाले, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, आणि पुढे लिहू लागले. आईच्या कानांत मात्र आत्याची तीन वाक्यंच राहिली. त्या दिवसापासून तिने नणंदेच्या पार्लरची पायरी चढली नाही, फोन उचलला तर बाबांकडे देई, आणि भिंगरीच्या डोक्यावर त्या बाईचा हात पडता कामा नये असं तिने घरात सांगून टाकलं.

आता, एक गोष्ट आईला ठाऊक नव्हती. ती फक्त थोरलीला ठाऊक होती, निदान थोरलीची तशी समजूत होती. डॉक्टरांकडे जाण्याच्या आठवडाभर आधी एका दुपारी, आई घरी नसताना, थोरलीने बाथरूममध्ये भिंगरीच्या केसांना जांभळा रंग लावला होता. मैत्रिणीने दिलेली अर्धी ट्यूब होती, टोपण हरवलेली, पाठीवरची अक्षरं पुसलेली. काळ्या केसांवर तो रंग जेमतेमच दिसला होता. तेव्हा तिने काहीच वाचलं नव्हतं. हुंगलंही नव्हतं. डॉक्टरांनी प्रश्न विचारला तेव्हा ती भिंतीवरचा तक्ता वाचत बसली. आणि मग आत्या बोलली. थोरलीला हायसं वाटलं. म्हणजे आत्यानेही लावला होता! दोघींनी लावला असेल तर कुणाचा रंग जास्त वाईट? अर्थात मोठ्या माणसाचा. जिचं दुकान आहे तिचा.

डॉक्टरांच्या 'संबंध नाही'वर थोरलीचाही विश्वास बसला नव्हता. फक्त आईला चिडता येत होतं, तिला नाही. आत्या एकदा खरोखर दोषी ठरली की आपल्या छातीवरचा दगड उतरेल, एवढंच तिला कळत होतं. म्हणून डबी, बाटली, खडू, जे हाती लागेल ते ती हुंगत होती.

"जरा तेवढा फवारा भरून आण," आत्याने पाण्याची बाटली पुढे केली. "साधं पाणी."

बेसिन खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतं. म्हणजे आपल्याला दूर पाठवतेय, थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. ती आत्यावरची नजर न काढता उलटी उलटी चालत गेली, चाकांच्या मांडणीवर आदळली आणि वरचे सगळे रोलर फरशीवर उधळले.

"डोळे पुढं असतात माणसाला," आत्या म्हणाली. "फायदा घे."

रोलर गोळा होईपर्यंत आत्याने ड्रॉवरमधून एक कोरं कार्ड काढलं. तिच्याकडे प्रत्येक डोक्याचं एक कार्ड असे. आधी काय काय लागलंय ते लिहिल्याशिवाय ती कुणाच्या केसांना हात लावत नसे, मग समोर नवरीमुलगी घाई करत बसलेली का असेना.

"नाव?"

"भिंगरी!"

"वय?"

"सहा. पूर्ण."

"आधी कधी रंग लावला होता?"

थोरलीने कान टवकारले. आता बरी सापडली. आता स्वतःच्या हाताने लिहावं लागेल. तिने मोबाइल सरसावून धरला. भिंगरीने आरशातून आत्याकडे पाहिलं, आत्याने भिंगरीकडे. आत्याने दोन-चार शब्द लिहिले आणि कार्ड आरशाखाली उपडं ठेवलं.

"काय लिहिलंस?"

"जे खरं ते."

हे उत्तर कुठल्याही अट्टल गुन्हेगाराला शोभलं असतं. थोरलीने ते लक्षात ठेवलं.

आत्याने काम सुरू केलं. गोलांच्या कडेकडेने व्हॅसलिनची बारीक रेघ फिरवली. रुंद दातांच्या फणीने केस ओढ न बसेल असे सुटे केले, एक बट घेतली, तिच्याखाली जुना रुमाल धरला, पाण्याचा एकच फवारा मारला आणि खडू मधूनच खाली ओढत नेला. मुळांपासून चांगला दोन बोटं लांब. बट आधी मळकट दिसली, मग वाळता वाळता एकदम निळी झाली. भिंगरीने श्वास आत घेतला तो सोडलाच नाही.

"श्वास घे गं बाई, त्याला बंदी नाही."

दुसरी बट. तिसरी. खडूची पूड टॉवेलवर पडत होती. थोरली इतकी जवळ उभी होती की तिचाच श्वास खडूला लागत होता, पण चूक सापडत नव्हती. आत्या घाई करत नव्हती, कातडीला खडू लागू देत नव्हती, दर दोन बटांनी "झोंबतंय का? खाजतंय का?" असं विचारत होती.

"नाही," भिंगरी म्हणाली. "हा अजिबात झोंबत नाही. ताईचा जांभळा झोंबला होता."

थोरलीच्या हातातला मोबाइल घसरला आणि तिने तो पोटाशी दाबून धरला. आता आत्या वळेल, विचारेल, ओरडेल. आत्याचा खडू थांबलासुद्धा नाही.

"तो कातडीला लागला होता, म्हणून," ती म्हणाली. "तेव्हाच सांगितलं होतं ना तुला. मान जरा खाली."

थोरलीला आधी काही कळलंच नाही. मग एकेक कळू लागलं, आणि जे कळत होतं ते थांबवता येईना.

"तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवशी माझ्याकडे डोकं धुतलं तिचं. बेसिनभर जांभळं पाणी."

"भिंगरे! तू सांगितलंस?"

"मी नाही सांगितलं!" भिंगरी दुखावली. "मी फक्त आत्याला म्हटलं, की ताईनं लावला ते कुणालाच सांगायचं नाहीये."

"मग..." थोरलीचा वक्तृत्वात पहिला आलेला आवाज कुठे गेला कोण जाणे. "आत्या, मग तू कधी लावलास?"

"मी? मी कुठं लावला?" आत्याने बट सोडली. "सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्याला मी गंमत म्हणून रंग फासेन? पंधरा वर्षं हे दुकान काय झोपेत चालवलं मी?"

थोरलीने हात लांब करून आरशाखालचं कार्ड उलटलं. 'आधी: एकदा, घरी. झोंबला होता.' एवढंच. कुणी लावला ते लिहिलेलं नव्हतं.

"मग तिथं का म्हणालीस?"

आत्याने दुसरी बट घेतली, मग ती तशीच हातात धरून उभी राहिली. "डॉक्टरांनी विचारलं आणि मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. खडूपेक्षा पांढरं पडलं होतं. मला वाटलं, पोरगी आता कोसळते. माझा धंदाच रंगाचा, माझ्या नावावर खपून गेला असता. डॉक्टर 'संबंध नाही' म्हणतील, विषय संपेल." ती जरा हसली. "डॉक्टर म्हणाले. विषय संपला नाही."

"आईला नंतर सांगायचं ना!"

"सांगायचं होतंच. मग म्हटलं, तू सांगशील. मग तू यायचीच बंद झालीस." तिने फवारा उचलला. "आणि आज आलीस ती माझ्यावर पाळत ठेवायला, तेही भिंग न घेता."

आरशात भिंगरी दोघींकडे आळीपाळीने बघत होती. अर्ध्या डोक्याचे केस निळे झाले होते आणि त्या निळ्यामधले गोलसुद्धा आता केस गेल्यामुळे पडल्यासारखे वाटत नव्हते, मुद्दाम ठेवल्यासारखे वाटत होते.

"तुम्ही भांडताय का?"

"नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

बाकीचे केसही निळे झाले. थोरलीने न सांगता टॉवेल झटकला, न सांगता रुमाल धुऊन पिळून आणला. साडेदहाला काचेच्या दारापलीकडे आई दिसली. पिशवी छातीशी धरून, दाराकडे पाठ करून ती रस्त्याकडे बघत उभी होती. आत्याने तिला पाहिलं आणि उगीचच ड्रॉवर उघडून बंद केला.

थोरली बाहेर गेली.

"झालं?" आईने विचारलं. "काय लावलं? कुठं कुठं लावलं? नीट बघितलंस ना?"

"बघितलं. भलतंसलतं काही नाही लावलं. संध्याकाळी साध्या शाम्पूनं निघेल."

"नक्की?"

"नक्की." थोरलीने चपलेच्या अंगठ्याकडे पाहिलं. "आई, आधीचा रंग आत्यानं नव्हता लावला."

"तिनंच तर सांगितलं तसं."

"मी लावला होता."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. आई रस्त्याकडून तिच्याकडे वळली.

"बाथरूममध्ये," थोरली म्हणाली. "तू बाहेर गेली होतीस. भिंगरीनं हट्ट केला म्हणून..." ती अडखळली. "नाही. हट्ट नव्हता केला तिनं. मलाच लावायचा होता. आणि आत्याला माहीत होतं, म्हणून ती तिथं तसं म्हणाली."

आईच्या चेहऱ्यावर काय होतं ते थोरलीला वाचता आलं नाही, ताणून मोठं करून वाचायची सोय इथे नव्हती.

"झोंबला होता तिला?"

"हो."

"रडली?"

"नाही. हसत होती."

आईने पिशवीचा बंद खांद्यावर सरळ केला. मग सरळ केलेला पुन्हा सरळ केला. आणि थोरलीला बाजूने ओलांडून तिने दार ढकललं.

थोरली दार धरून तिथेच उभी राहिली. आत्या खडू हातात घेऊन खुर्चीमागे उभी होती, नाकावर अजून व्हॅसलिन चमकत होतं.

"आई, बघ!" भिंगरी ओरडली. "मी आख्खा समुद्र झाले!"

आई खुर्चीभोवती एक पूर्ण फेरी फिरली. कानामागच्या गोलाशी वाकली, कडेवरून हळूच एक बोट फिरवलं, बोटाला निळं लागलंय का ते उजेडात धरून पाहिलं. लागलं नव्हतं.

"इथं मागं एक बट राहिलीय," ती म्हणाली.

"उशीर होईल म्हणून राहू दिली, वहिनी."

"अजून दहा मिनिटं आहेत. लाव." शेजारची खुर्ची ओढून आई तिच्यात बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. "सावकाश लाव."

आत्याने पाणी मारलं. उघड्या दारातून वाऱ्याची झुळूक आत शिरली आणि टॉवेलवरची निळी पूड उठली.

"दार लाव," मागे न बघता आई म्हणाली. "पूड उडतेय, तिच्या डोळ्यांत जाईल."

थोरलीने दाराची मूठ धरली. आतून लावायचं की बाहेरून, ते आईने सांगितलं नव्हतं.